तेहेतीस तास

अर्जुनीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची लॅब
सव्वीस वर्षं मीच उघडतो, मीच लावतो.
जयपाल उईके, परिचर.
बेडूक चिरणं बंद झालं, त्याला बरीच वर्षं झाली.
टाचण्यांचा डबा अजून बेसिनखाली गंजतो आहे.

अंड्यांचं प्रात्यक्षिक मात्र सुरू आहे.
धान कापणीला आलं की मी केशोरीच्या बाजारातून
दोन डझन गावरान अंडी आणतो,
घरी कोंबडा आहे ना, हे विचारून.
पेटीत अडतीस डिग्री.
रात्री लाईन गेली तर टोपल्यात तणस घालून
सायकलवर घरी नेतो,
खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सारतो.
ती डोळा उघडून बघते आणि परत मिटते.
तिला डिग्री विचारावी लागत नाही.

तेहेतीसाव्या तासाला बोपचे मॅडम कवच उघडतात.
कोमट मिठाच्या पाण्यात
मोड आलेल्या मुगाएवढं काहीतरी,
त्यात लाल ठिपका, नुकताच हलायला लागलेला.
"हे वरचं टोक फुगलंय ना, हा पुढचा मेंदू.
अजून एकच आहे.
बहात्तर तासांनी बघाल तर याचे दोन झालेले असतील."
पोट्टे एकमेकांच्या वहीतून आकृती काढतात.
"बत्तीस कोटी वर्षांपूर्वी आपला आणि कोंबडीचा
एकच पूर्वज होता.
वाटा वेगळ्या झाल्या, सुरुवात अजून अशीच होते."

पुढे काय होतं ते फळ्यावर येत नाही
म्हणून त्या खिडकीबाहेर बोट करतात:
आपल्यात पेशी थरावर थर बसतात,
बांधीत पुंजणं रचतात तशा,
पेंडीवर पेंडी, सहा थर.
पाखरात थर नाहीत, ढोलीत धान
पायाने दाबून दाबून भरतात तसं.
धान तेच.
मागच्या बाकावरचा कटरे हसतो,
त्याला बाप "कोंबडीच्या डोक्याचा" म्हणतो म्हणून.

कवचं मी मागे टाकतो.
तिथे एक कावळा आहे.
तीन वर्षांपूर्वी डीपीवरचं त्याचं घरटं
बांबूने मीच पाडलं होतं, साहेबांनी सांगितलं म्हणून.
तेव्हापासून तो फक्त मलाच टोचतो.
टोपी घालून पाहिली, मॅडमची छत्री घेऊन पाहिली,
पाच शिपायांत तो मला बरोबर काढतो.
सुपारीएवढा मेंदू, आणि त्यात मी ठासून भरलेला.

"अजून एकच आहे."
हे वाक्य दरवर्षी येतं
आणि दरवर्षी ट्रे धरलेला माझा हात
जरा खाली जातो.

गोंदियाला, सोनोग्राफीच्या खोलीत, अंधारात
डॉक्टरने तेच सांगितलं होतं.
समोरचा मेंदू दोन झालाच नाही.
फुलवंताने विचारलं, "दोन कायले लागते?"
त्याने चष्मा पुसला.
घरी आल्यावर माझ्या आईने विचारलं,
ग्रहणात विळी धरली होती का.
तिने धरली नव्हती. तरी ती बरेच दिवस
हात उलटेपालटे करून बघायची.
"माझं का चुकलं जी?"
मी तेव्हा लॅबमध्ये नवीन होतो, पायऱ्या पुसायचो,
मला यातलं काही माहीत नव्हतं.

या वर्षी सांगितलं.
भात वाढत होती. मी म्हटलं,
पाचव्या आठवड्यात असतं ते, तुला दिवस गेलेत
हेही धड कळलेलं नसतं तेव्हा.
विळी नाही, ग्रहण नाही.
एकाचे दोन व्हायची वेळ येते आणि जाते.
कोणी चुकत नाही.
तिने वरण वाढलं. मग बराच वेळ
पळी भांड्यातच धरून बसली.

सगळी अंडी फोडून झाली, एक उरलं.
मॅडम म्हणाल्या, फेकून द्या.
मी घरी नेलं.
खुडूक कोंबडीने ते चोचीने आत ओढून घेतलं.
आज अकरावा दिवस.
फुलवंताने त्यावर कोळशाने रेघ मारली आहे,
आणि रोज संध्याकाळी, मी पाहत नसताना,
कंदिलासमोर धरून बघते.