चष्म्याचं घर

बंदराजवळच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
दोन टेबलं जोडली, वर धुतलेली चादर अंथरली,
आणि भिवा म्हापणकरांनी
चार महिन्यांचं काम पिशवीतून काढून मांडलं.
बावीस पाकिटं, नऊ कमरपट्टे,
कोयत्याची सहा म्यानं,
चष्म्याचं घर मात्र एकच.

खाडीपलीकडची अकरा मुलं
ज्या होडीतून शाळेला येतात ती आता पाणी पिते.
एक मूल वल्हं धरतं, दुसरं डब्याने पाणी उपसतं.
नवी होडी घ्यायची तर पैसे हवेत.
म्हणून हे चामडं, आणि म्हणून मी:
एकतीस वर्षं सोसायटीत व्याज काढलेली बाई,
किमती लिहायला बसवलेली.

वही उघडली.
चामडं, कोल्हापूरहून घाट उतरून आलेलं, एकशे दहा.
मेणाचा दोरा नऊ. बटण सहा.
पावसात बुरशी धरली तेव्हा चोळलेलं
उंडीचं तेल, धरा चार.
‘आणि तास?’ मी विचारलं.
‘ते नको लावू गे. तेलाक पैसे पडतत,
हाताक खंय पडतत?
तां माझा देणां.’

मग मी गवंड्याची मजुरी विचारात घेतली,
सुताराची घेतली,
नारळ पाडणाऱ्याची, माडामागे किती घेतो ती.
चष्म्याच्या घराला साडेपाच तास लागले होते.
दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर,
इंचाला आठ टाके.
मी लिहिलं: सहाशे चाळीस.
समितीचे केरकर म्हणाले, कोण घेणार?
पाचशे नव्व्याण्णव करा.
एका बाईंनी सुचवलं, दान आहे, हजार लावा.
भिवाकाका सुईत दोरा ओवत होते.
त्यांना कुणीच विचारलं नाही.

दुपारी एक गाडी थांबली.
गृहस्थ सज्जन होते, हे मुद्दाम सांगते.
होडीची गोष्ट त्यांनी उभ्याने ऐकली,
हजाराच्या दोन नोटा चादरीवर ठेवल्या,
आणि म्हणाले, ‘वस्तू राहू दे, काही नको.’
केरकरांनी हात जोडले.
मी पावतीपुस्तक ओढलं.

‘पैसे परत दी तेंका.’

आरी खाली ठेवून काका उठले होते.
‘पाकीट व्हया तर न्या, पट्टो व्हयो तर न्या.
टाके मोजून घेवा. वाकडो दिसलो तर बोला.
मी हात पसरूक नाय बसलंय.’

कारखान्यात बर्फ असताना झाली नसेल
इतकी गार शांतता झाली.
गृहस्थ गोंधळले, नोटा उचलल्या,
गाडी निघून गेली.
केरकर दिवसभर बोलले नाहीत, आणि हिशेबाने पाहिलं
तर त्यांचं चुकलं असंही नाही:
दोन हजारांत होडीच्या दोन फळ्या आल्या असत्या.

मला मात्र आमची पायरी आठवत होती.
चप्पल शिवून आली की आई
वरूनच नाणी सोडायची खालच्या ओंजळीत,
पैसा न् पैसा चोख.
तिने कधी घासाघीस केली नाही.
मी त्याला तिचा चांगुलपणा समजत आले.

संध्याकाळी तारूवाल्याची सून म्यान घ्यायला आली.
कोयता घरून आणला होता, आत घालून पाहिला,
उलटा धरून हलवला,
‘तोंडाक सैल आसा,’ म्हणाली.
काकांनी तिथल्या तिथे दोन टाके वाढवले.
वीस रुपयांवरून दोघं भांडले.
दिवसभरात त्यांचा चेहरा तेवढाच उजळला.

आवराआवर करताना
चष्म्याचं घर मी उचललं,
चष्मा काढून त्यात ठेवला,
आणि चष्म्याशिवाय, धूसर, म्हटलं:
‘सहाशे चाळीस जास्त होतात.’
‘लिवलंय कोणी?’
‘मीच. सहाशे द्या.’
‘सहाशे तीस.’
‘वीस.’
ते हसले असावेत, मला नीट दिसलं नाही.
मी नोटा मोजल्या
आणि टेबलावर न ठेवता
त्यांच्या तळहातावर दाबल्या.
तळहात खरखरीत होता,
मेणाने किंचित चिकट.