दोन षटकोन मागे

रात्री साडेदहाला ब्रेमर्टनहून फाईल येते.
तिकडे पहाट. ट्वाइट कॉफी ओततो, जपान चालवतो.
इकडे कुरेच्या उतारावर, गुडघ्यांवर रजई घेऊन
मी अमेरिका सांभाळते.
चेष्टेत ठरलं होतं. आता दुसरं वर्ष.
आमची एक रात्र म्हणजे युद्धाचा एक दिवस;
पडद्यावर फेब्रुवारी त्रेचाळीस.

त्याच्या सहा विमानवाहू नौका, माझ्या चार.
बंदर कचेरीत एकतीस वर्षं
मी भरती-ओहोटीचे तक्ते लिहिले.
पाणी बहुतेक वेळ काही करत नाही,
नुसतं असतं.
तशा माझ्या चौघी असतात,
नूमेआच्या दक्षिणेला, ढगांच्या पट्ट्याखाली,
बेटावरच्या धावपट्टीपासून चार षटकोनांच्या आत.
पाचव्यात मी पाऊल टाकत नाही.
डेकवर बॉम्बफेकी थोडी, लढाऊ जास्त,
दहातली सात डोक्यावर घिरट्या घालणारी.
झाकली मूठ.
ट्वाइट रोज एकेक बोट उचकटून बघतो:
आज एक लंगडं तेलवाहू, उद्या राखणीविना काफिला.
मी बघते. आणि बघतच राहते.

फुकट नाही हे.
तीन बेटं दिली.
एक मासेमारीची बोट उत्तरेला उभी केली होती,
वायरलेस लावून. काम एवढंच,
शत्रू दिसला की कळवायचं, मग बुडायचं.
कप्तानाचं नाव खेळानंच दिलेलं, डिंगल.
त्यानं कळवलं.
जुन्या तक्त्यांच्या वहीत, समासात,
त्याच्या नावापुढे मी वेळ लिहून ठेवली.
सवय.

वडील याच गोदीत रिव्हेट तापवायचे.
खिडकीतून दिसते ती क्रेन तेव्हा नव्हती.
इथून निघालेल्या जहाजांबद्दल कोणी विचारलं
तर एवढंच म्हणायचे,
"जाताना फार देखणी दिसली."

मग एकोणीस रात्री फाईल आली नाही.
विसाव्या रात्री आली.
उघडली, आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
सहाच्या सहा नौका, मोकाट,
त्यांच्या कुठल्याही धावपट्टीपासून लांब,
टेहळणीला एक विमान नाही,
डेकवर बॉम्बफेकी खच्चून भरलेली,
तेलवाहू तीन दिवस मागे.
हा हात ट्वाइटचा नव्हे.
ट्वाइट इंधन मोजतो
जसं माझी आई तांदूळ मोजायची,
वाटीवरून हात फिरवून.

फाईलसोबत एक ओळ:
"बाबा म्हणतात, खेळ थांबवू नकोस.
मला नियम नीट येत नाहीत. मारिट."

गणित अवघड नव्हतं.
पहाटे शंभर विमानं सोडली
तर चार बुडतील, कदाचित पाच.
चौदा महिने ज्यासाठी थांबले, ते समोर उघडं.
बाण त्यांच्यावर नेऊन ठेवला.
खाली शेवटची बस चढ चढत होती,
गिअर बदलताना कण्हली.

मी नौका दोन षटकोन मागे घेतल्या.
मारिटला लिहिलं:
तेलवाहू मागे राहिलेत, आधी त्यांना गाठा.
आणि वडिलांना सांगा,
नोमियामा अजून ढगाखालीच आहे.

दुसऱ्या रात्री फाईल वेळेवर आली.
सहाही नौका वळलेल्या, हळू,
तेलवाहूंच्या दिशेनं.
टेहळणी चारी बाजूंना.
लढाऊ विमानं, मी मोजली,
दहातली सात डोक्यावर.
कुणीतरी खाटेवरून एकेक आकडा सांगितला असणार,
कुणीतरी तो दोनदा विचारून घेतला असणार.

"म्हातारा खडूस," मी मोठ्यानं म्हटलं.
अशी संधी पुन्हा येणार नाही.
नव्या नौका गोदीतून निघायला
अजून एकशेवीस रात्री.
घाई नाही, ट्वाइट.
मी रजई ओढली, चौघींना तिथेच ठेवलं,
आणि 'दिवस संपला' दाबलं.