पुडी

ठराव मंजूर झाला अकरा विरुद्ध एक.
तो एक हात छापखान्यातल्या अदेरितोचा,
तोही कोपरापर्यंतच वर.

पोर्तुगालच्या पोटातलं आमचं लहानसं विद्यापीठ
हिरवं व्हायला निघालं होतं:
छतावर सोलर पॅनेल, कँटीनमध्ये मातीचे पेले,
आणि आमचं त्रैमासिक, वर्ष एकसष्ठावं,
कागदावरून उचलून पडद्यावर.
हिशेब मीच मांडला होता.
वर्षाला नऊशे किलो कागद.
नऊशे किलो उचलायला किती माणसं लागतात
मला ठाऊक नव्हतं.
निलगिरी ठाऊक होती.

आमच्या डोंगरावर दुसरं काही उरलेलं नाही.
सरळसोट, तहानलेली, रांगेत उभी,
कागदाच्या गिरणीसाठी लावलेली.
ज्या ऑगस्टात ती पेटली
तेव्हा सालींच्या जळत्या चिंध्या
वाऱ्यावर दरी ओलांडून आल्या.
सकाळी बाबा एकेका मधपेटीला कान लावत गेले.
चौदा पेट्या.
म्हणून मतदानाच्या वेळी माझा हात
माझ्याआधी वर गेला.

पडद्यावरच्या पहिल्या अंकाला
आठवड्यात चार हजार भेटी.
आईला फोनवर आकडा सांगितला.
ती म्हणाली, आले चार हजार,
पण बसलं कोण?

नोव्हेंबरात फाटकाशी धूर असतो.
फेलिस्बेर्ताबाईंची गाडी, मातीचं मडकं,
मीठ लावून भाजलेले चेस्टनट, डझनावर.
त्यांनी मला हाक मारून थांबवलं.
"पोरी, तुमचे उरलेले अंक कुठं गेले?
अदेरितो दर वर्षी गठ्ठा आणून टाकायचा."
म्हटलं, आता सगळं इथं असतं.
त्यांनी काळे हात ॲप्रनला पुसले,
माझा फोन घेतला,
आणि त्याचा शंकू वळतो का ते पाहू लागल्या.
हसलो दोघी. मी जरा कमी.

मग निखारे ढवळत त्या सांगू लागल्या
सात नंबरच्या बसचालकाची गोष्ट.
मागच्या वर्षी त्याच्या पुडीवर कविता निघाली,
समुद्रावरून न परतलेल्या बापाची.
अर्धीच. पुढचं पान दुसऱ्याच कुणाच्या डझनात गेलेलं.
दुसऱ्या दिवशी तो आला, आणखी एक डझन घेतले.
तिसऱ्या दिवशीही.
चेस्टनट त्याला आवडत नाहीत,
वाटून टाकायचा प्रवाशांत.

"मिळाला शेवट?"
"कुठला! त्यानंच केला मग,
इथं उभा राहून म्हणून दाखवला मला."
"कसा होता?"
"बस सुटायची वेळ झाली होती," बाई म्हणाल्या,
"तरी सुटली नाही."

रात्री मी ती कविता शोधली.
दोन सेकंदांत सापडली, पूर्ण,
प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी.
शेवटच्या चार ओळी
मीच संपादित केल्या होत्या.
ठीक होत्या.

मत मी आजही बदलणार नाही.
चौदा पेट्या आहेत माझ्या मताच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी डझनभर घेतले.
नव्या पिशवीत मिळाले: तपकिरी, पुनर्वापराच्या कागदाची,
कोपऱ्यात छापलेलं इवलंसं हिरवं पान.
सात नंबरच्या थांब्यावर उभ्यानं खाल्ले,
बोटांवरचं मीठ चाटलं,
आणि पिशवी फाडून, सपाट करून
सवयीनं
दोन्ही बाजूंनी पाहिली.