खुर्च्या आणायला जाताना

इथे बघण्यासारखं काय आहे, मी विचारलं.
मालखाझ म्हणाला, खुर्च्या.
शंभर आणायच्यात त्स्काल्तुबोहून,
वाटेत जे दिसेल ते तुझं.

तर मी कुताइसी पाहिलं
त्याच्या निळ्या टेम्पोच्या पुढच्या सीटवरून
मांडीवर अंड्यांचे तीन ट्रे सांभाळत.
पांढरा पूल आला. थांबायचं नाही, अंडी आहेत.
खाली रिओनी, दगडांशी हुज्जत घालणारी.
डोंगरावरचा मठ उद्या, केकवाल्याकडे जाताना.
खिडकीशी नेस्तान, परवाची नवरी,
हातात यादी. त्यांच्या अक्षरांना शिरोरेघ नाही,
कुणी घाईत जिलब्या पाडाव्यात तशी
कागदभर गोल गोल.
हे काय लिहिलंय? मीठ.
आणि हे एवढं लांब? सासूला विचारणे.

आम्ही दोघी कासेलच्या इस्पितळात रात्रपाळीच्या.
तिसऱ्या मजल्यावर, पहाटे तीनला,
मोडक्या जर्मनमध्ये एकमेकींना आपापलं गाव सांगायचो.
माझ्या गावची विहीर तिने अजून पाहिलेली नाही.
तिच्या परसातले अक्रोड मात्र
काल मी सोलले, दोन पोती,
तिच्या चार मावश्यांबरोबर,
हिरव्या सालींनी बोटं काळी होईस्तोवर.
साबणाने जात नाही. लिंबाने जात नाही.
आमच्याकडे लग्नात मुद्दाम हात रंगवतात, मी म्हटलं.
मावश्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

त्स्काल्तुबोत खांब, कमानी, रुंद जिने.
एकेकाळी अख्ख्या साम्राज्याचे दुखरे गुडघे
इथल्या कोमट पाण्यात बुडायला यायचे.
आता नाचाच्या दालनात
फरशी फोडून अंजीर उगवलंय.
मी फोटो काढायला गेले
तेवढ्यात वरून आवाज आला,
खुर्च्या नेणारे तुम्हीच का?

त्सियाला. खोली नंबर दोनशे चौदा.
सुखुमीहून आली ती एका कढईनिशी,
लढाई संपेपर्यंत, म्हणजे पंधरा दिवस.
त्या पंधरा दिवसांना तीस वर्षं झाली.
जेवणघरातल्या खुर्च्या तिनेच जपल्या,
छत गळायला लागलं तेव्हा ओढून कोरड्यात आणल्या,
मोडक्या पायांना तार बांधली.
मोजून दिल्या. नव्व्याण्णव.
शंभरावी मिळणार नाही,
तिच्यावर चढून मी कपडे वाळत घालते.
मालखाझने पैसे काढले, तिने त्याच्या खिशात कोंबले,
त्याने पुन्हा काढले. हे सगळीकडे सारखंच.
नेस्तानने लग्नाला बोलावलं.
बघू, म्हणाली.
आमच्याकडच्या 'बघू'चा अर्थ मला माहीत आहे.

लग्न पाहावं करून, म्हणतात.
गावाचंही तसंच असावं.
मठ मी पाहिला तो बाहेरून,
केकचा खालचा थर दोन्ही हातांत धरून,
मालखाझ मेणबत्ती लावून येईपर्यंत.
दारातून आत निळं काहीतरी, वर, खूप वर.
पुढच्या वेळी नीट बघ, नेस्तान म्हणाली.
मी म्हटलं, पुढच्या वेळी कोणाचं लग्न?

आणि लग्नाच्या दुपारी
द्राक्षवेलीच्या मांडवाखाली अठ्ठ्याण्णव खुर्च्या
(एक टेम्पोतच गेली),
शेजाऱ्यांचे दोन बाक,
मी पाण्याच्या क्रेटवर.
चौथा पेला की पाचवा, मोजणं सोडलं होतं,
नेस्तानचा मामा उठला, मागोमाग सगळे,
हा गेलेल्यांसाठी, कुणीतरी माझ्या कानात सांगितलं,
तेव्हा फाटकाशी मिनीबस थांबली.

आधी एक खुर्ची उतरली, पाय वर करून.
मग त्सियाला, इस्त्री केलेल्या झग्यात.
तिने अंगणभर बोट फिरवत मोजलं,
मालखाझकडे रोखून पाहिलं,
आपली खुर्ची माझ्या क्रेटला लावून ठेवली.
बसली नाही. सगळे उभे होते.
कुणीतरी तिच्या हातात पेला दिला.
कुणासाठी, ते तिने विचारलं नाही.