माप

तुर्भ्याच्या दवाखान्यात वजनकाटा खिडकीखाली असतो.
त्याचं ताट रात्रभर गार पडतं,
म्हणून मी आधी तळहात टेकवते,
मग फडकं, मग शून्य.

अंबिका धोत्रेची मुलगी पहाटे चारला आली.
दोन हजार दोनशे ऐंशी.
आकडा एकदा उमटला आणि हलला नाही.
अडीच हजारांच्या खाली तक्त्यावर लाल पट्टा आहे.
मी लाल पेनचं टोपण काढलं.

अंबिका खाणीकडची.
पहिल्या तपासणीला भिंतीवरच्या पट्टीला टेकली
तेव्हा डोक्यावर निम्मी पट्टी शिल्लक राहिली होती.
चार फूट आठ. एकोणचाळीस किलो.
सासूने दारातूनच विचारलं, "कमी भरली का?"
रेशनच्या दुकानात विचारतात तसं.

पोरगी मात्र मूठ आवळून,
मांडीला वळी, गालाला गोटी,
दूध ओढत होती सावकाश,
स्वतःच्या घरात जेवायला बसल्यासारखी.

त्याच सकाळी जसमीत.
ट्रकवाल्यांच्या घरातली, पाच फूट नऊ,
शाळेत गोळाफेक करायची.
खाटेच्या दांडीबाहेर तिचे पाय.
मुलगा दोन हजार सहाशे चाळीस.
हिरवा पट्टा. पेढे आले,
एक माझ्याही हातात पडला.

पेढा तसाच टेबलावर ठेवून मी त्याचं दुपटं सोडलं.
लांबलचक पोर. मांड्यांवर कातडी सैल,
थोरल्या भावाचा लेंगा चढवल्यासारखी.
रडत नव्हता. नुसता बघत होता
म्हाताऱ्या माणसासारखा.
टाचेला सुई टोचली. साखर चौतीस.

हिरव्या पट्ट्यातलं पोर उपाशी होतं.

सबनीस मॅडम धावत आल्या, त्याला सलाइन लावलं,
आणि हात धुता धुता म्हणाल्या,
दुसरे तक्ते असतात, सिस्टर.
त्यात आईची उंची घालायची, वजन घालायचं,
कितवी खेप ते घालायचं.
मग रेघ प्रत्येकीसाठी वर-खाली सरकते.
आपल्या रजिस्टरात? मी विचारलं.
आपल्या रजिस्टरात नवऱ्याचा धंदा लिहायला रकाना आहे,
आईच्या उंचीला नाही.

मी स्वतः चार फूट नऊ.
घणसोलीला आई मिठागरात होती,
मला तिथल्याच काट्यावर टाकलं म्हणे, मिठाच्या पोत्याशेजारी.
दोन किलोला थोडी कमी भरले.
तो व्यापारी प्रत्येक पाटीत मारायचा,
म्हणून आई अजून सांगते,
"तू दोनच्या वरच होतीस गं, मापात पाप त्याचं."
लग्नात उंबऱ्यावरचं माप माझ्या पायाने
पहिल्या फटक्यात कलंडलंच नाही.
दुसऱ्यांदा मारावं लागलं. सगळे हसले.

म्हणून अंबिकाच्या बाजूने बोलायला
जीभ शिवशिवत होती:
मुलगी कमी नाही, आईच्या मापाची आहे.
पण मग रात्री बस थांब्यावर उभी असताना वाटलं,
अंबिका एवढीशी का?
हाडाचीच लहान,
की आठव्या वर्षी डोक्यावर खडी,
आणि ताटात अर्धी भाकरी?
तिच्या मापाने मोजायचं
तर त्या उरलेल्या अर्ध्या भाकरीलाही
मापात धरायचं का?
याचा तक्ता मॅडमकडेही नसेल.

तरी मी एवढं केलं.
आकडा लाल लिहिला, फॉर्म तसाच मागतो.
शेजारी समासात पेन्सिलने:
आई एकशे बेचाळीस सेंमी. पोर छान ओढतंय. घाबरवू नये.
जसमीतच्या ओळीत:
आई एकशे पंचाहत्तर. दर तीन तासांनी साखर बघा.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी समास पाहिला,
म्हणाले, हे काय खरडलंय, रजिस्टर स्वच्छ ठेवा.
खोडरबर त्यांच्याच टेबलावर होता.
मी तो उचलला, खिशात टाकला,
आणि पाचव्या खाटेची हाक आली म्हणून
काट्याचं ताट गरम करायला गेले.