पाठकोऱ्या कागदावरची प्रार्थना

फादर सेल्सो म्हणाले, देल्फिन, तुझा आवाज स्वच्छ आहे,
पहाटेच्या मिसाला काम शोधणाऱ्यांसाठीची प्रार्थना तूच वाच.
वाचली.
छापील होती, चार ओळींची, आमेनसकट.
लोकांनी माना खाली घातल्या, वर केल्या,
आणि जांभळ्या तांदळाच्या उकडीचा वास येत होता
तिकडे, बाहेर, निघून गेले.

आता हे कागदाच्या पाठीवरचं. तुझ्यामाझ्यातलं.

प्रभू, माझा बाप ऊस तोडायचा.
गाळप संपल्यावर जे महिने यायचे
त्यांना आमच्या बाकोलोदकडे मेला हंगाम म्हणतात.
कोयता भिंतीला, पातेलं पालथं.
पण बाप शेताकडे बोट दाखवून सांगायचा,
एवढा वाढला की बोलावणं येईल.
त्याच्या उपासाला पेरं होती, मोजता यायची.
मी पोरांना कशाकडे बोट दाखवू?
जे आता माझ्याऐवजी बोलतं
ते उगवत नाही, सुकत नाही,
त्याचा घसा बसत नाही.

एकोणीस वर्षं, रात्रपाळीत, मी डेव्हिड होतो.
ओहायोतल्या वीजबिलांना, टेक्ससमधल्या बंद फ्रिजांना
मध्यरात्री गुड आफ्टरनून म्हणत होतो.
शेवटच्या वर्षी आमचीच बोलणी त्या यंत्राला ऐकवली.
कुठे थांबायचं, कुठे हळहळायचं,
खुणा आम्हीच केल्या, तासावर पैसे घेऊन.
माझी हळहळ आता त्याच्याकडे आहे.
कधी तुझ्या कानी आली तर ओळखशील का?

एक कबुली राहिली आहे.
मी माणसं ताटकळत ठेवली, प्रभू. हजारो.
त्यांच्या कानात तेच ते संगीत सोडून,
आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात असं ऐकवत,
मी कॉफी प्यायलो.
आता रांगेत मी आहे.
लगेच बोल, असं तुला म्हणायला जीभ रेटत नाही.
फक्त ते संगीत लावू नकोस.

एकदा एका म्हातारीचा फोन आला, फोर्ट वेनहून.
बिल नवऱ्याच्या नावावर, नवरा गेलेला,
आणि नाव खोडायला तिचा हात होत नव्हता.
सतरा मिनिटं. नियम सहाचा.
नाव आम्ही तसंच ठेवलं.
माझा त्या महिन्याचा बोनस गेला.
ती सतरा मिनिटं अर्जात कुठल्या रकान्यात भरू?
तुझ्या वहीत असतील तर उतरवून दे.

मागच्या बाकावर जेझ्रील बसते, बाविशीची.
एकशे चाळीस अर्ज केलेत.
नकार पाऊण मिनिटात येतो.
माणसाने वाचून दिलेला नकार तरी मिळू दे, म्हणते.
ते तरी कर.
आर्सेनियो पंचावन्नाव्या वर्षी मोटरसायकलवरून पार्सलं पोचवतो,
चश्मा पुसायलाही थांबत नाही.
त्याच्या ब्रेकवर हात ठेव.

तूही कारागीर होतास.
नाझरेथमध्ये कधी असा आठवडा गेला का
की खिडकी, जू, पाट, काहीच सांगायला कुणी आलं नाही,
आणि तू रंधा पुसून परत खुंटीला लावलास?
कुणी लिहून ठेवलं नाही.
मला नेमकं तेवढंच वाचायचं होतं.

आणि तुझ्या गोष्टीतला तो मळेवाला.
दिवस कलताना आलेल्यांनाही पुरा रोज दिला,
लोक त्या रोजाबद्दलच बोलतात.
मला त्याचे फेरे आवडतात.
सकाळी आला, दुपारी आला, पुन्हा चौकात आला.
येशील तेव्हा मी उभा असेन इतकं
गुडघ्यांत राहू दे.

बाहेर उजाडलं. कागदी चांदणी अजून जळतेय, कुणी विझवली नाही.
कचेरीत फोन वाजतोय, उचलायला कोणी नाही.
उचलला.
देल्फिन बोलतोय.
बाप्तिस्म्याची वेळ विचारायची होती एका बाईला.
सांगितली. ठेवेल वाटलं.
मग ती दुसरंच काही सांगू लागली,
आणि मी पायाने खुर्ची ओढली.