फक्कीची गाडी

बडनेरा रोडच्या शोरूमात पोरानं दोन कागद ठेवले पुढ्यात.
एकीचा डाला आठ फुटांचा, एकीचा पावणेदहा.
"मोठीच घ्या काकू, हप्त्यात काही फरक नाई पडत,"
आणि थंडा मागवला.

मी बिछायतवाली. माझं माप कागदावर होत नाही.
मांडवाचे पाईप दहा फुटी,
गंज असा की पोर आत बसून अंघोळ करेल,
दोनशे खुर्च्यांच्या दहा उतरंडी,
सतरंज्या, गाद्या,
आणि गाद्यांवर बसणारे चार गडी,
ज्यांना मोजायचं कोणत्याच कंपनीला सुचलेलं नाही.

देवराव म्हणे मोठी. प्रफुल म्हणे मोठी.
किरायानं मिनीडोर देणारा शकीलही म्हणाला, भाभी, मोठीच.
त्याचं तर गिऱ्हाईक जाणार होतं,
तरीही.

मी शाळेतून फक्की आणली उसनी,
खो-खोच्या मैदानाची.
दारासमोर टेप धरून गाडी आखली:
बोनट, केबिन, डाला, फाळका.
फाळक्याची रेघ जाऊन टेकली
कौतिकाबाईच्या न्हाणीच्या मोरीला.
अलीकडे, आठ फुटांवर, दुसरी रेघ मारली.
कोणती रेघ कशाची, कोणाला सांगितलं नाही.

चार दिवस उभी होती गाडी.
पहिल्या दिवशी सारी गल्ली वळसा घालून गेली.
पोरं आत बसून नागपूरला जाऊन आली दोनदा.
दूधवाल्याची लुना केबिनमधून आरपार निघाली
आणि तो "माफ करजा" म्हणाला,
कोणाला, ते त्यालाच माहीत.

संध्याकाळी कौतिकाबाईनं बाज काढली बाहेर,
रोजच्यासारखी.
रेघ पाहिली.
बाजेचे दोन पाय डाल्यात येत होते.
काही न बोलता तिनं बाज भिंतीला अशी लावली
की कूस बदलली तर नाक विटेला घासावं.

"काऊन वं मावशे, तिकडं काऊन?"
"तुह्या गाडीत झोपू काय मंग?
रातच्यानं कोठी लगन निघालं,
तं मले बी नेशीन गादीसंग."

तिसऱ्या दिवशी पाईप आणून ठेवले जमिनीवर.
मोठीत बसले, फाळक्याबाहेर फक्त चार बोटं.
लहानीत दोन फूट बाहेर, उघडे,
झोपलेल्या माणसाच्या पायांसारखे.
देवराव हसला: पाह्य, मी काय म्हणत होतो.
मग आम्ही दोघं हापशीपर्यंत चालत गेलो,
मी स्टेअरिंग धरल्यासारखे हात करून.
लहानी हापशीपाशी वळते.
मोठी वळत नाही, तिला उलटं जावं लागतं
पार ग्रामपंचायतीच्या बोर्डापर्यंत,
आणि प्रफुल उलटी गाडी कशी चालवतो
ते कारेगावच्या लोकांना विचारा.

रात्री वहीत लिहिलं,
किराणाच्या हिशेबाखाली:
लग्नाच्या तिथी चाळीस. तेरव्या, बारशी, भागवत, वीस.
गाडी दारात उभी: तीनशे पासष्ट.
वजाबाकी केली नाही. पेन्सिल तिथंच ठेवली.

"पस्तावसान काकू," शोरूमातला पोरगा म्हणाला.
पस्तावते ना. मे महिन्यात,
एका दिवसात दोन मांडव असले की
एक खेप जास्तीची पडते,
देवराव डिझेलची पावती माझ्या चहाच्या कपाखाली ठेवतो,
बोलत काही नाही.
बाहेर आलेल्या पाईपांना लाल फडकं बांधायचं असतं,
ते कौतिकाबाईनं दिलं,
जुन्या लुगड्याचा काठ फाडून,
वर विचारलं, याचा किराया काय देशीन.

आता रात्री फाळका आणि बाज यांच्यामध्ये
एक हात जागा उरते.
तिथं कुत्रं झोपतं.
म्हातारीला डिझेलचा वास येतो,
ती गाडीला शिव्या देते, कंपनीला देते,
मग मला.
मी उठते, चावी घेते,
आणि गाडी अजून एक वीत पुढं लावते,
टेप न धरता.